बी जिना, सहावा मजला

१

उघड्या तळव्याने लोखंडी दार वाजवलं की निघणारा आवाज मुठीसारखा नसतो. मूठ घाई करते. तळवा जड पडतो, आणि पडल्यावर क्षणभर तिथेच टेकून राहतो. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. पानिपतला, कांबळी विणणाऱ्या एका कारखान्यात. दुपारचे दोन वाजले असतील. तीन वेळा आला. थांबला. मग पुन्हा तीन वेळा.

आत नरसिंह होता. सोलापूरहून आम्ही दोघं एकाच गाडीने तिकडे गेलो होतो. एका खोलीत राहायचो, एका तव्यावर भाकरी भाजायचो. मागावर त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला चालायचा, आणि तेही डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं पेर लहानपणीच मागात गेलेलं असताना. जेवण झालं की तो सुताच्या गोदामात गठ्ठ्यांवर आडवा व्हायचा. त्या दिवशी गोदामाला आग लागली. दाराला बाहेरून कुलूप होतं, कारण उघडं ठेवलं की लोक तिथून चहाला सटकायचे आणि तासभर परत यायचे नाहीत. चावी मुकादमाकडे होती आणि मुकादम बाजारात गेला होता.

एवढंच मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. बायकोला, विजयाला, सांगितलं. ती आता नाही. मुलीला, सुनेत्राला, सांगितलं. ती लहान असताना झोपण्याआधी पुन्हा पुन्हा विचारायची, आणि मी दर वेळी तेच सांगायचो.

२

आता मी सदुसष्ट वर्षांचा आहे. नोएडात एका नऊ मजली ऑफिसच्या इमारतीत आग विझवायच्या सामानाची देखभाल करतो. शिक्षण सातवीपर्यंतचं, पण या कामाला तेवढं पुरतं. छतावरचे धुराचे डिटेक्टर, लाल पाइप, सिलिंडर, हिरव्या दिव्यांच्या पाट्या, आणि दोन जिने. पुढच्या बाजूचा ए, मागच्या बाजूचा बी. आग लागली तर लिफ्ट बंद होते, मग माणसांना हे दोन जिनेच.

सुनेत्रा याच इमारतीत सहाव्या मजल्यावर काम करते. विम्याचे कागद तपासणारी कंपनी आहे. ती आणि तिची दहा वर्षांची मुलगी कृतिका गाझियाबादला माझ्याजवळ राहतात. जावयाशी तिचं जमलं नाही, त्याबद्दल आम्ही घरात बोलत नाही. माझी नोकरीही तिनेच पद्माकर सरांना सांगून मिळवून दिली. पद्माकर सर इमारतीचे मॅनेजर. मूळचे पुण्याचे, वीस वर्षं इकडे. माणूस गोड बोलणारा.

शनिवारी ऑफिसं बंद असतात. त्या दिवशी सकाळी माझी तपासणी. लांब काठीला दोन उदबत्त्या बांधतो आणि डिटेक्टरखाली धरतो. धूर लागला की तळमजल्यावरच्या पॅनेलवर लाल दिवा येतो. कंपनीने या चाचणीसाठी फवारा दिलाय, पण माझा उदबत्तीवर विश्वास. पद्माकर सर म्हणायचे, "काका, तुमच्यामुळे आपल्या बिल्डिंगमध्ये आगीपेक्षा देव जास्त येतात."

मग बी जिन्याने वरून खाली यायचं. प्रत्येक मजल्याचं दार बाहेरून उघडून बघायचं, सहज उघडतं का, बिजागरी कुरकुरते का. दारांना वीतभर काचेची पट्टी आहे, पण तिच्यातून फार दिसत नाही. म्हणून मी उघडण्याआधी बोटाच्या पेरांनी दोनदा वाजवतो. ही सवय जुनी आहे. सुनेत्रा घरीही हसते, बाबा रिकाम्या संडासाचं दारसुद्धा वाजवतात म्हणून.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी मी नवव्या मजल्याच्या दारावर दोनदा वाजवलं.

आतून उत्तर आलं. तळव्याने. तीन वेळा.

मी तिथेच उभा राहिलो. मग दार उघडलं. आत लांब पॅसेज, दिवे चालू, रांगेने खुर्च्या, पाण्याचं मशीन. कोणी नव्हतं. मी हाक मारली, "कोई है?" माझाच आवाज काचांवर आपटून परत आला. खाली गेटवरच्या गार्डला विचारलं. तो म्हणाला की सकाळपासून वर फक्त मीच गेलोय.

पाइपात पाणी आपटलं असेल, असं मी धरलं. पंप चालू होताना लाल पाइप असा दणका देतो, हे मला माहीत आहे. फक्त एक गोष्ट होती. दाराच्या आतल्या बाजूला, गालिच्यावर, पांढऱ्या तुसाचा पुंजका पडला होता. मी उचलून बोटात चोळला. एसीच्या जाळीतला असेल, म्हटलं. पण एसीच्या जाळीतली घाण काळी असते. हा सुताचा तूस होता. जन्मभर मागावर बसलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

३

दुसऱ्या शनिवारी नववा मजला शांत होता. आवाज आठव्यावर आला.

तेव्हापासून मला संशय यायला लागला, आणि एकदा आला की तो सगळ्यांवर येतो. आधी पद्माकर सरांवर आला. म्हाताऱ्याला घाबरवून घालवायचं आणि एखादा तरुण माणूस स्वस्तात घ्यायचा, असं काही असेल. पण त्यांना पानिपतचं काय माहीत? मग गार्डवर आला. त्या दिवशी मी कारण काढून त्याला लिफ्टपाशी उभं केलं, कोणी वर जाताना दिसलं तर मला सांग म्हणून. तो हसला, "अंकल, ऊपर कौन जाएगा छुट्टी के दिन." मग माझ्या कानांवर आला. सरकारी दवाखान्यात तपासून आलो. डॉक्टर म्हणाली की तुम्हाला थोडं कमी ऐकू येतंय. जास्त ऐकू येतं का, ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या शनिवारी मी ठरवून सातव्या मजल्याचं दार वाजवलंच नाही. नुसता उभा राहिलो. बी जिन्याला खिडकी नाही. भर सकाळी अकरा वाजताही तिथे ट्यूबचा पांढरा उजेड आणि सिमेंटचा गारवा असतो. मी मनात आकडे मोजले. चाळिसाच्या पुढे गेलो असेन.

मग ते झालं. तीन वेळा. मी न वाजवता.

दार उघडलं तर आत तेच, खुर्च्या आणि उजेड. पण मला एक कळलं. नववा, आठवा, सातवा. जो कोणी होता तो माझ्यासारखाच वरून खाली येत होता. प्रत्येक दाराशी थांबत होता.

घरी आलो तर कृतिका अभ्यास करत होती. तिला मराठीचे काही शब्द माहीत नसतात, मग ती मला विचारते. त्या दिवशी म्हणाली, "आजोबा, कोयंडा मतलब?"

मी दचकलो. कुठे ऐकलास, विचारलं. म्हणाली, आई फोनवर बोलत होती, ऑफिसमध्ये दाराला लावणार आहेत म्हणून. मी तिला सांगितलं की दाराला एक लोखंडी कडी असते, ती ज्यात अडकते तो कोयंडा, आणि मग त्यात कुलूप घालतात.

"किसलिए?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "आतलं बाहेर जाऊ नये म्हणून."

४

सोमवारी सहाव्या मजल्याच्या बी जिन्याच्या दाराला कोयंडा बसवलेला होता. जिन्याच्या बाजूने. कुलूप नवं, पितळी, वजनदार.

लोक हजेरीचं कार्ड पंच न करता मागच्या जिन्याने खाली सिगरेटला, चहाला जातात, अशी कंपनीची तक्रार होती. मी पद्माकर सरांकडे गेलो. मला भरभर बोलता येत नाही. मी सावकाश सांगितलं की सर, हे दार बंद ठेवता येत नाही, धूर पुढच्या बाजूला झाला तर माणसं कुठे जातील. ते शांतपणे ऐकून घेतात, हा त्यांचा गुण आहे. मग म्हणाले, "काका, ए जिना आहे की. आणि ड्रिलच्या दिवशी काढूच आपण. चावी तुमच्याकडेच देतो, मग तर झालं?"

त्यांनी चावी माझ्या जुडग्यात स्वतःच्या हाताने ओवली.

रात्री जेवताना सुनेत्राने ताटातून वर न बघता सांगितलं की मार्चमध्ये तिचं कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू ठेवायचं की नाही ते ठरणार आहे, आणि कंपनीची कंत्राटी माणसं पद्माकर सरांमार्फत येतात, म्हणून त्या यादीत त्यांचा शब्द चालतो. कृतिकाच्या शाळेची नवी पुस्तकं तिथेच कव्हर घालून ठेवलेली होती.

आमच्याकडे एक वही असते. दर शनिवारी मी तीत लिहितो, दोन्ही जिन्यांची दारं उघडी, ठीक. खाली सही. त्या शनिवारी मी सहाव्या मजल्याशी गेलो. कुलूप बघितलं. पेरांनी दोनदा वाजवलं, आणि लगेच, जणू तळवा दारावर टेकवूनच कोणी उभं होतं तसं, तीन वेळा उत्तर आलं.

चावी माझ्या कमरेला होती. मी उघडलं नाही. खाली आलो आणि वहीत लिहिलं, ठीक.

पुढच्या शनिवारी आधी पाचव्या मजल्यावर गेलो. शांत. चौथ्यावर गेलो. शांत. तिथे उभा राहून देवाचं नाव घेतलं, मग परत वर चढलो. आवाज सहाव्यावरच होता. नवव्यापासून एकेक मजला उतरत आलेला तो आता तिथे अडकला होता. कुलपामागे. सुनेत्रा रोज नऊ तास जिथे बसते त्या मजल्यावर.

५

मार्चच्या दुसऱ्या बुधवारी मॉक ड्रिल झालं. या इमारतीत ड्रिल अचानक नसतं. दोन दिवस आधी सगळ्यांना मेल जातो, त्या दिवशी बायका सपाट चपला घालून येतात, कोणी पाण्याची बाटली आणतं. मी सकाळी साडेनऊला वर जाऊन कुलूप काढून ठेवलं. अकरा वाजता हूटर वाजवला आणि पॅनेलपाशी उभा राहिलो.

सहाव्या मजल्यावर बेचाळीस माणसं. बेचाळीसही पार्किंगमधल्या जमायच्या जागेवर आली. पद्माकर सरांनी फोटो काढले. बी जिन्यातून लोक येतानाचा फोटो तर त्यांनी दोनदा काढला.

सुनेत्रा माझ्याजवळ आली. खुशीत होती. म्हणाली, "बाबा, दार तुम्ही धरून ठेवलं होतं ते बरं झालं, नाहीतर ते सारखं मागे येतं."

मी म्हटलं, "कुठलं दार?"

"आमचंच. सहाव्याचं. गर्दीत तुमचा हातच दिसला फक्त." ती हसली. "आणि तो सदरा धुवायला टाका. बाहीला किती कापूस लागला होता."

मी माझ्या बाहीकडे बघितलं. तिनेही बघितलं. मी युनिफॉर्मचा निळा शर्ट घातला होता, आणि त्याला अर्ध्या बाह्या होत्या.

"मग दुसरं कोणीतरी असेल," ती म्हणाली आणि तिच्या मैत्रिणीने हाक मारली म्हणून गेली. जाताना एकदा मागे वळून बघितलं. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं नाही. बापाला विसरायला होतं असं आलं असेल.

दुपारी पद्माकर सरांनी कुलूप लावून यायला सांगितलं. मी वर गेलो. दार ढकलून मिटलं. कडी कोयंड्यावर आणली. कुलूप हातात धरून मी बराच वेळ उभा होतो. मग कडी तशीच मोकळी सोडली, कुलूप डब्याच्या पिशवीत टाकलं, वरून रुमाल घातला, आणि संध्याकाळी घरी घेऊन आलो.

६

गुरुवारी माझा उपास, डब्याची पिशवी घरीच राहिली. शुक्रवारी सकाळी शेअर ऑटोत ती मांडीवर घेतली तेव्हाच हलकी लागली. आत फक्त डबा होता.

मी सुनेत्राकडे बघितलं. ती बाहेर बघत होती. ऑटोत अजून चार माणसं होती, पण मराठी कोणाला कळणार.

"मी परत दिलं, बाबा," ती म्हणाली. "परवा सुटताना सरांनी बोलावलं होतं मला. तुमच्याबद्दल विचारत होते. म्हणाले, वय झालंय का काकांचं. मी काय सांगणार होते? काल घरून आणून त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी लावून घेतलं."

मी डब्याचं झाकण चाचपत राहिलो.

"दोन आठवडे, बाबा. माझं होऊ दे. मग हवं तर तुम्ही फायर ब्रिगेडला चिठ्ठी लिहा, मी लिहून देते."

"पानिपतची गोष्ट तुला माहीत आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे ना." तिने माझ्या हातावर हात ठेवला. "तिथे चावी मुकादमाकडे होती, बाबा. इथे तुमच्याकडे आहे. म्हणून तर मला भीती वाटत नाही."

ऑटो सिग्नलला थांबला. मला तिचा हात बाजूला करावासा वाटला. ती तिच्या बापावर विश्वास ठेवून तो हात ठेवून बसली होती, आणि मला तो सहन होत नव्हता.

७

दहा वाजता मी वर गेलो. कुलूप काढायचं ठरवूनच गेलो. पद्माकर सर काय म्हणतील ते म्हणतील.

आठवड्याचा दिवस होता, त्यामुळे दारामागून ऑफिसचे आवाज येत होते. फोन, हसणं, प्रिंटरची घरघर. हे आवाज ऐकून मला धीर आला. भरल्या ऑफिसात काय असणार? मी चावी हातात घेतली आणि काचेच्या पट्टीतून आत बघितलं. लांबवर सुनेत्राची हिरवी ओढणी दिसली. ती कोणाशी तरी बोलत होती. एक माणूस कप घेऊन गेला. सगळं जिथल्या तिथे होतं.

मी सवयीने दोनदा वाजवलं.

काचेवर आतून एक तळवा येऊन टेकला.

तो खालून आला, कोणी दाराला पाठ लावून खाली बसलं असेल आणि तिथून हात वर केला असेल तसा. काच त्याने भरून गेली. बोटांच्या बेचक्यांत पांढरा तूस अडकला होता. चार बोटं मी पाहिली. करंगळीशेजारचं बोट आखूड होतं.

त्या हातापलीकडे, बोटांमधल्या फटीतून, सुनेत्रा अजून हसत बोलत होती. मघाचा कपवाला परत गेला. दाराकडे कोणी बघितलं नाही.

चावी कुलपात घातलेली होती. फिरवायची फक्त बाकी होती. मी ती बाहेर काढली आणि जिना उतरून खाली आलो. पॅनेलसमोर स्टुलावर बसलो. स्वतःला सांगितलं की काचेवर उजेड चमकला असेल, मोतीबिंदूचं एक ऑपरेशन अजून राहिलंय. दुपारी जेवणाच्या सुट्टीत उघडू, तेव्हा दाराशी माणसं असतील.

म्हणजे दुसऱ्यांदा मी तेच केलं. पण हे मला तेव्हा स्वतःशीही म्हणता आलं नाही.

८

बारा वाजून वीस मिनिटांनी पॅनेलवर लाल दिवा आला. सहावा मजला, ए जिन्याची लॉबी. मला वाटलं, खोटा असेल. मग त्याच्या शेजारचा आला. मग हूटर सुरू झाला, आणि या वेळी तो मी लावला नव्हता.

ए जिन्याला लागूनच बॅटऱ्यांची खोली आहे. तिथे काहीतरी पेटलं होतं. पुढचा जिना धुराने भरला, हे मला वरून पळत आलेल्या गार्डने सांगितलं, पण तोपर्यंत मी बी जिन्यात शिरलो होतो.

सदुसष्टाव्या वर्षी सहा मजले. समोरून माणसं उतरत होती, सातव्याची, आठव्याची. मी भिंतीला धरून त्यांच्या उलट चढत होतो. कोणीतरी म्हणालं, "अंकल, नीचे, नीचे." मी प्रत्येक चेहरा बघत होतो. सहाव्याचा एकही नव्हता.

चौथ्या मजल्यावरच मला दार ऐकू आलं. मुठी, खूप मुठी, लाथा, खुर्चीचा पाय असावा असं काहीतरी. आणि त्या सगळ्याच्या खाली, घाई न करता, तळवा. तीन वेळा. थांबून, तीन वेळा.

दाराशी पोचलो तेव्हा काचेपलीकडे राखाडी धूर होता. मी चावी घातली. फिरेना. आतून इतकी माणसं दार ढकलत होती की कडी ताणून कुलूप आवळलं गेलं होतं. मी ओरडलो, मागे व्हा, पीछे हटो. माझा आवाज कधीच मोठा नव्हता. हूटरमध्ये तो मलाही ऐकू आला नाही.

मग मी पेरांनी दाराच्या पत्र्यावर वाजवलं. दोनदा. थांबलो. पुन्हा दोनदा.

आत कोणीतरी ओळखलं. सुनेत्राचा आवाज आला, चिरकलेला, "बाबा आहेत. सब पीछे हो जाओ, पापा हैं मेरे." दार बोटभर आत गेल्यासारखं सैल झालं. चावी फिरली.

माणसं अंगावर आली. मी दाराआड भिंतीला चिकटलो आणि मोजत राहिलो. तोंडावर ओढण्या, रुमाल, कोणी कोणाला धरलेलं. सुनेत्रा तेहतिसावी होती. ती थांबू लागली तर मी हातानेच खाली जा म्हटलं. तिला मागच्यांनी ढकलत नेलं. चाळीस. एक्केचाळीस. बेचाळिसावा एक जाड माणूस होता, तो रडत होता.

बेचाळीस झाले. मी दार लोटायला हात घातला, धूर जिन्यात यायला नको म्हणून. दार मिटेना. आतून कोणीतरी धरलं होतं.

९

मी वर बघितलं नाही. हे मी खरं सांगतो. मी फक्त दाराच्या कडेवर आलेली बोटं बघितली आणि खाली जमीन. धुरातून दोन अनवाणी पाय उंबऱ्यावर आले. टाचांना भेगा होत्या. घोट्यांना तूस चिकटलेला होता. ओल्या सुताचा वास आला, आमच्या खोलीतल्या चटईला यायचा तो. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

वर हूटर बंद झाला होता. कोणी बंद केला ते माहीत नाही.

एवढी वर्षं जे कोणापुढे बोललो नाही ते बोलायला फार वेळ लागला नाही. माझ्यासारख्या सावकाश माणसालाही नाही.

"नरसिंह," मी म्हटलं, "चावी मुकादमाकडे नव्हती. मला वाचता यायचं म्हणून दुपारची चावी तो माझ्याकडे द्यायचा. कुलूप मीच लावलं. आत कोणी आहे का, ते वाजवून बघितलं नाही. मग आग दिसली तेव्हा मी दाराशीच होतो. चावी हातात होती. तू वाजवत होतास तो सगळा वेळ मी तिथे उभा होतो. मला आगीची भीती वाटली रे. मी उघडलं नाही."

पाय हलले नाहीत.

मग मला खालच्या वळणावर कोणीतरी असल्याची जाणीव झाली. सुनेत्रा होती. माझ्यासाठी परत वर आली असणार. तोंड काजळीने काळं झालं होतं, एक हात कठड्यावर. तिला उंबऱ्यावरचं काही दिसत होतं की नाही, मला कळलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. मग माझ्या हातातल्या पितळी कुलपाकडे. ते तिनेच काल घरून नेऊन टेबलावर ठेवलं होतं. बराच वेळ तिची नजर त्या कुलपावरून हलली नाही.

"सुनेत्रा," मी म्हटलं.

ती वळली आणि कठड्याला धरून पायऱ्या उतरू लागली.

माझ्या हातातलं दार सैल झालं. उंबऱ्यावर कोणी नव्हतं.

खाली तिच्या चपलांचा आवाज जात होता. पाचवा मजला. चौथा. आणि तिच्या मागोमाग, दोन पायऱ्यांचं अंतर राखून, अनवाणी पावलं उतरत होती.